हवाबंद जहाज

ज्यांना खाली कमेंटमध्ये 'काहीही फेकतोय' असं लिहायचं आहे, त्यांनी आत्ताच लिहून मोकळं व्हावं. म्हणजे बाकीच्यांना नीट वाचता येईल.

हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलेलं आहे.

आणि यात रात्र नाही. काळी मांजर नाही, पांढऱ्या कपड्यांतली बाई नाही, लांबून येणारं कुत्र्याचं रडणं नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, समोरच्या दुकानात कुणीतरी छत्रीच्या किमतीवरून भांडत होतं... आणि आत हे चाललं होतं.

आत्याचं फ्रेमचं दुकान आहे. लोक चित्रं, फोटो, प्रमाणपत्रं आणून देतात, ती काच, पट्टी आणि मागे हार्डबोर्ड लावून देते. आत्याचा भुतांवर विश्वास नव्हता. माणसांवरही बेताचाच होता. पोहण्याच्या स्पर्धेत नुसता भाग घेतल्याचं प्रमाणपत्र सोनेरी पट्टीत घालून नेणारे तिने पाहिले होते. आईचा फोटो लहान आणि कुत्र्याचा मोठा करून नेणारे पाहिले होते. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की तिचं नाक मुरडलेलंच असायचं. कधीकधी तोंडावरही.

दुकानाच्या मागे एक खोली. मध्ये नुसता पडदा.

त्या खोलीत काका असायचे. आत्याचे यजमान. आयुष्यभर त्यांनीच लाकूड कापलं, घासलं, पॉलिश केलं. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास निमूटपणे फुप्फुसांत साठत गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आता अर्धीच राहिली आहेत, जपून वापरा. जपून वापरा म्हणे! साबणाची वडी आहे का ती?

तेव्हापासून काका पलंगावर आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन. ते दिवसभर घुर्र घुर्र करायचं. काका अधूनमधून खोकायचे. आत्या दुकानात काच कापत असली तरी तिचा एक कान पडद्यामागेच असायचा. खोकला ऐकू आला की तिला बरं वाटायचं. जगात नवऱ्याच्या खोकल्याने बरं वाटणारी बाई तीच असेल.

अशा घरात ते चित्र आलं.

ते घेऊन आला एक टाइल्सचा व्यापारी. शहरात त्याची बरीच शोरूम होती. एवढ्या उकाड्यात अंगात निळा कोट, त्याला पितळी बटणं, आणि पोट असं की शेवटचं बटण जीव मुठीत धरून बसलेलं. आत्याने पहिल्या मिनिटातच मनात त्याचं नाव ठेवलं. ॲडमिरल.

ॲडमिरलने गुंडाळी टेबलावर ठेवली.

"मावशी, जपून हं. हात स्वच्छ आहेत ना?"

आत्याने दोन्ही हात त्याच्या नाकापुढे धरले. "वास घेऊन बघा."

तो हसला. आपल्याशी कोणी तुसडेपणाने बोलतंय हे त्याला कळतच नसे. फार थोड्या लोकांना हे सुख लाभतं.

गुंडाळी उलगडली. युद्धातलं जहाज होतं. राखाडी, लांबलचक, तोफा वर उचललेल्या, पुढे पांढरा फेस, मागे काळा धूर. मूळ चित्रावरून छापलेली प्रत होती, पण कागद जाड आणि छपाई भारी. खालच्या पांढऱ्या पट्टीत पेन्सिलने केलेल्या सह्या होत्या. म्हाताऱ्या, थरथरत्या हातांच्या.

"ह्या त्या जहाजावरच्या खलाशांच्या सह्या," ॲडमिरल म्हणाला. "जे वाचले त्यांच्या. सगळ्या अस्सल! हे जहाज भाग्यवान म्हणून प्रसिद्ध आहे. टॉर्पेडो खाल्ला तरी बुडालं नाही, बंदरात परत आलं. माझ्या खुर्चीच्या मागे लावणार आहे. समोर बसणाऱ्याला कळलं पाहिजे, गाठ कुणाशी आहे."

"तुम्ही टाइल्स विकता ना?"

"टाइल्स म्हणजे पण युद्धच असतं, मावशी."

आत्याने वर छताकडे बघितलं.

"आणि एक सांगतो. आधीच्या फ्रेमवाल्याने माझ्या एका चित्राला बुरशी आणली. हे मला एअरटाइट पाहिजे. आत हवा जाता कामा नये."

इथे मात्र आत्या फुशारली. तिच्या हातची फ्रेम आणि आत हवा? चारी कडांना टेप लावावी तर तिनेच.

"माझ्या फ्रेममध्ये हवा जात नाही," ती म्हणाली.

तिला काय माहीत होतं...

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून ती कामाला बसली. काच पुसली, चित्र बसवलं, मागे हार्डबोर्ड ठेवून बारीक खिळे मारले. मग फ्रेम पालथी घातली आणि फटींवर ओली कागदी टेप लावायला सुरुवात केली. एक कड झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

चौथ्या कडेवर तिने अंगठा दाबत दाबत कोपऱ्यापर्यंत नेला.

टेप बसली...

टक्.

आत्याने मान वर केली. पट्टीचं लाकूड असेल. नवीन लाकूड कधीकधी वाजतं.

टक्... टक्...

मग एकदम बरेच. टक् टक् टक् टक्. बऱ्याच जणांनी मिळून बंद दार ठोकावं तसे.

आवाज पालथ्या फ्रेममधून येत होता.

"मेला उंदीर शिरला की काय," आत्या पुटपुटली. बोटभर जाडीच्या फ्रेममध्ये उंदीर! पण माणसाला घाबरायचं नसलं की तो कशावरही विश्वास ठेवतो.

आणि मग तिला दुसरी गोष्ट जाणवली.

पडद्यामागून मशीनचं घुर्र घुर्र येत होतं... पण खोकला येत नव्हता.

"अहो?"

आत्या पडदा ओढून आत गेली. काका पलंगावर अर्धवट उठून बसले होते. तोंड उघडं. ओठ निळे. छाती वर ओढली जात होती, पण आत काहीच जात नव्हतं. नळी नाकात होती. मशीन चालू होतं. नळीतून हवा येत होती, आत्याने गालाला लावून बघितली. तरी काकांच्या आत ती जात नव्हती.

तिने पाठ चोळली, पंप तोंडात धरला, शेजारच्या घड्याळवाल्याला हाका मारल्या. घड्याळवाला धावत आला आणि दारात उभा राहून "अरे बापरे, अरे बापरे" करत राहिला. त्याचा तेवढाच उपयोग झाला.

बाहेर टक् टक् चालूच होतं.

आणि अचानक ते थांबलं.

त्याच क्षणी काकांनी श्वास घेतला. एवढा मोठा, एवढा घरघरणारा, की घड्याळवाला मागे सरकला.

डॉक्टर आले, छाती तपासून गेले. "असे झटके येणारच," म्हणाले. म्हणजे त्यांनाही काही कळलं नव्हतं, फक्त ते त्याचे पैसे घेतात.

संध्याकाळी आत्या दुकान आवरायला गेली. ती फ्रेम टेबलावर तशीच पालथी होती. चौथ्या कोपऱ्यातली टेप सुकताना उचलली गेली होती. नखाएवढी फट पडली होती.

आत्याने टेप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दिवा मालवला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळायला हवं होतं. तुम्हाला काय, तुम्ही भयकथा वाचायला बसला आहात. ती दुकान चालवत होती.

काकांना बरं वाटल्यावर तिने पुन्हा ते काम हातात घेतलं. ॲडमिरलचे फोनवर फोन येत होते. या वेळी तिने जाड प्लास्टिकची चिकट टेप आणली. पडदा बाजूला सारून ठेवला, काका समोर दिसत होते. ते पेपर वाचत होते. खोकत होते. सगळं ठीक होतं.

शेवटचा कोपरा आला. तिने टेप दाबली...

काकांच्या हातातला पेपर खाली पडला.

टक् टक् टक् टक्...

या वेळी खोकला नाही, घरघर नाही. काही नाही. काका तोंड उघडून नुसते बसलेले. आत्या धावली. तिने खिडकी उघडली, मागचं दार उघडलं, हाताने वारा घातला. काका मान हलवत होते. नाही, नाही. त्यांनी हात उचलला आणि बोट दाखवलं. दुकानाकडे. टेबलाकडे.

ओठ हलले. आवाज नव्हता, पण एवढ्या वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याचे ओठ वाचता येतात.

'उघड.'

आत्या धावत टेबलाशी आली. तिच्या ॲप्रनच्या खिशात कटर होता. तिने तो काढला आणि टेपवर उभा चालवला. एका कडेने. दुसऱ्या कडेने.

फ्रेमच्या आतून हवा बाहेर आली.

थंड हवा. तिला तेलाचा, गंजलेल्या लोखंडाचा आणि कोंडलेल्या माणसांचा वास होता.

मागे काकांनी श्वास घेतला.

आत्याने कटर मिटून खिशात टाकला. ती तिथेच जमिनीवर बसली. पहिल्यांदाच तिला कुणाला नावं ठेवावीत ते सुचेना.

बऱ्याच वेळाने काका बोलायला लागले.

"अंधार होता गं. पाणी इथपर्यंत." त्यांनी हनुवटीखाली हात धरला. "गार. आणि खूप जण होते. पोरं सगळी. वरती कुठेतरी थोडी हवा उरली होती, तिथे सगळे तोंड वर करून उभे होते."

"आणि तुम्ही?"

"मीही होतो. मला बघून ते बाजूला झाले. एकाने खांद्याला धरून पुढे ढकललं. बहुतेक वाटलं असेल, म्हातारा आहे, याला आधी मिळू दे."

"कोण होते ते?"

"मला काय माहीत? मी विचारत बसू का, नाव काय, गाव काय?"

ते थोडं हसले. आत्याला हसू आलं नाही. तिने आत जाऊन चादर आणली आणि ती फ्रेमवर टाकली. मग विचार करून पुन्हा काढली.

ॲडमिरल चित्र न्यायला आला तेव्हा तिने फ्रेम मागून उघडी ठेवली होती. हार्डबोर्ड खिळ्यांवर, टेप नाही. त्याने फ्रेम उलटी केली आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"हे काय? एअरटाइट सांगितलं होतं मी!"

"असंच न्या. मी टेप लावणार नाही."

"का?"

आत्या कधी कुणापुढे नमलेली बाई नाही. पण त्या दिवशी तिने सगळं सांगितलं. ठोकण्याचा आवाज, काकांचा श्वास, अंधार, पाणी, पोरं. सगळं. ॲडमिरल ऐकत होता. आणि ऐकता ऐकता तो खूश होत गेला.

"अहो मावशी, कुणीतरी तुम्हाला त्या जहाजाची गोष्ट सांगितलेली दिसते! टॉर्पेडो लागला तेव्हा पुढच्या भागात पाणी शिरलं. कप्तानाने पोलादी दारं बंद करायचा हुकूम दिला. पुढे जी माणसं होती ती आतच राहिली. बराच वेळ दार ठोकत होती म्हणे. पण कप्तानाने दार उघडलं नाही. म्हणून जहाज वाचलं! याला म्हणतात निर्णय."

"मी पण गेल्या वर्षी एक शोरूम बंद केलं," तो पुढे म्हणाला. "रडले लोक, दारात येऊन बसले. पण धंदा वाचला ना? मनाने इतकं मऊ राहून चालत नाही, मावशी."

"माणसांना बंद दाराआड सोडून आलेल्या जहाजाचं चित्र तुम्ही खुर्चीमागे लावणार?"

"अभिमानाने!" त्याने फ्रेम काखेत मारली. "टेप लावणारे शहरात छप्पन्न मिळतील. तुमच्या यजमानांच्या दम्याचा माझ्या जहाजाशी काय संबंध?"

"साहेब, हात जोडते. मागून थोडी फट राहू द्या. नखाएवढी."

तिने खरंच हात जोडले. तो त्या हातांकडे बघून असा हसला, की आत्याला ते हसू आजही आठवतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

चित्र गेलं. ती स्वतःची समजूत घालत राहिली. घरातून ब्याद गेली. आता लांब आहे. आता काही होणार नाही.

काही दिवस काहीच झालं नाही.

मग एका दुपारी काका चहा पीत होते. कप ओठांना लागलेला... आणि तसाच राहिला.

या वेळी ठोकल्याचा आवाज नव्हता. फ्रेम घरात नव्हती ना. नुसती शांतता. मशीनचं घुर्र घुर्र आणि काकांचे मोठे झालेले डोळे.

आत्याने घड्याळवाल्याला पलंगाशी बसवलं आणि रस्त्यात मिळेल ती टॅक्सी पकडली. ॲडमिरलचं ऑफिस जवळच होतं, म्हणून बरं. काचेची दारं, गार हवा, फरशी इतकी चकचकीत की चालताना स्वतःचीच भीती वाटावी. रिसेप्शनवरची मुलगी "मॅडम, मॅडम" करत मागे धावली. आत्याने केबिनचं दार ढकललं.

आत चार-पाच माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. ॲडमिरल चित्राचं कौतुक सांगत होता.

टक् टक् टक् टक्...

सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यांच्या चेहऱ्यांवरच दिसत होतं. एक जण एसीकडे बघत होता, एक जण पाण्याचा नळ असेल म्हणत होता. एका बाईने हळूच पर्स छातीशी धरली होती.

"सर, हा आवाज कसला?" कुणीतरी विचारलं.

"कसला आवाज?" ॲडमिरल म्हणाला.

आणि तो सोंग करत नव्हता. आत्याने त्याचा चेहरा नीट बघितला. त्याला खरोखरच काही ऐकू येत नव्हतं.

आत्याने खुर्ची ओढली, त्यावर चढली आणि फ्रेम खाली खेचली. तिचा खालचा उजवा कोपरा टेबलाच्या कडेवर आपटून चेपला. ॲडमिरल ओरडला. तोपर्यंत तिने फ्रेम पालथी घालून कटर चालवला होता.

तोच वास आला. त्या गुळगुळीत केबिनमध्ये, सगळ्यांच्या नाकात.

आवाज थांबला.

आत्याचा फोन वाजला. घड्याळवाला होता. "आला. आला श्वास. वहिनी, या लवकर."

सिक्युरिटीवाल्याने तिला दंड धरून बाहेर काढलं. मागून ॲडमिरल ओरडत होता, "पुन्हा सील करून घेतो! दुप्पट टेप लावतो! बघूच!"

त्याच्या आयुष्यातला हा एकच शब्द त्याने पाळला.

त्या संध्याकाळी काका फार थकले होते. आत्या त्यांचे पाय चेपत होती.

"आज मी मागे सरकलो," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"एक अगदी कोवळा पोरगा होता. मिसरूडही नीट फुटलेलं नाही. माझी जागा त्याला दिली."

आत्या उसळली. "तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? इथे मी गावभर धावते, माणसांच्या हातापाया पडते, आणि तुम्ही तिथे जागा वाटत सुटलात?"

ती ओरडली आणि मग रडली. काकांना तिचं ओरडणं म्हणजे काय असतं ते माहीत होतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते दार पोलादाचं नाही गं. मी हाताने चाचपलं. पुठ्ठ्यासारखं लागतं. कडांना टेप आहे. ती पोरं बिचारी ठोकत बसली आहेत, त्यांना काय कळणार फ्रेम कशी उघडतात? एक कटर हवा होता."

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकानातला जुना छोटा कटर मागून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. आत्याला वाटलं, आजारी माणसाचा हट्ट. राहू दे.

ती रोज ॲडमिरलच्या ऑफिसला फोन करायची. तिचा नंबर दिसला की फोन कापला जायचा. दारावरच्या सिक्युरिटीला तिचा फोटो दिला होता म्हणे. एका म्हाताऱ्या बाईला एवढी माणसं घाबरतात, हे बघून एरवी तिला मजा वाटली असती.

आणि मग ती दुपार आली.

आत्या आरशाची काच कापत होती. मशीन चालू होतं. खोकला... नव्हता.

ती आत गेली तेव्हा काका शांत होते. या वेळी धडपड नाही, निळे ओठ नाहीत. डोळे उघडे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिचा हात थोपटला. मग खिशातून कटर काढला आणि मुठीत घट्ट धरला.

ओठ हलले. आवाज नव्हता.

'येतो.'

त्यांनी डोळे मिटले.

आत्याने काय काय केलं ते लिहीत नाही. ते तिचं आहे.

डॉक्टर आले. फुप्फुसं थकली, म्हणाले. आत्याने काकांची मूठ त्यांच्यापुढे धरली. बोटांची पेरं सोलून निघाली होती. नखांत काळं तेल होतं. कित्येक महिने पेपरपेक्षा जड काही न उचललेल्या माणसाच्या नखांत.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"कुठेतरी घासलं असेल," डॉक्टर म्हणाले आणि चपला घातल्या.

आठवड्याने दुकानात एक मुलगी आली. ॲडमिरलच्या रिसेप्शनवरची. काका गेल्याचं तिला कुठून तरी कळलं होतं.

"काकू, तुम्हाला सांगावंसं वाटलं," ती म्हणाली. "काका गेले त्या दुपारी सरांनी टेप लावणाऱ्याला ऑफिसातच बोलावून चित्र पुन्हा सील करून घेतलं, भिंतीवर लावलं आणि लगेच ठोकणं सुरू झालं. आम्ही सगळे बाहेर येऊन उभे राहिलो. मग एकदम वेगळाच आवाज आला. काहीतरी कापल्यासारखा. चर्र... चर्र... चारी बाजूंनी. आणि मग पायांचे आवाज. खूप माणसं धावत बाहेर पडावीत तसे. ओले पाय. केबिनमधून निघून आमच्या मधून गेले, काकू. दिसलं काहीच नाही. काचेचं दार आपोआप उघडलं आणि किती तरी वेळ उघडंच राहिलं."

आत्याने टेबलाची कड धरली.

"सरांनी फ्रेम उतरवली तर मागची टेप कापलेली. एकदम सरळ, सफाईदार. आणि कापलेल्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. आतून कापल्यासारख्या."

"मग?"

मुलीने मान खाली घातली.

"सर चिडले. म्हणाले, तुमच्यापैकीच कुणाचं तरी काम आहे. स्वतः उभं राहून तेव्हाच्या तेव्हा तिप्पट टेप लावून घेतली. दार अजून मिटलंही नव्हतं, काकू. लोक अजून बाहेर पडत होते, असं मला वाटतं."

"आणि आता? आता आवाज येतो?"

"येतो."

मुलगी रडायला लागली.

"पूर्वी खूप जणांचा यायचा. आता एकाचाच येतो. टक्... मग थांबतो. मग पुन्हा टक्. घाई नाही. दुसऱ्याला त्रास होऊ नये असा."

आत्या ॲप्रनसकट निघाली. या वेळी सिक्युरिटीवाल्याने तिला अडवलं नाही. तिचा चेहरा बघून तो बाजूला झाला.

केबिनमध्ये खुर्चीच्या मागे वाघाचं चित्र होतं.

"जहाज?" आत्याने विचारलं.

"विकलं," ॲडमिरल म्हणाला. "इंटरनेटवर. आत्ताच पार्सल गेलं. केबिनमध्ये कुणी पाऊल टाकेना, अडाणी लोक सगळे. कुणाला विकलं ते सांगता येत नाही, नियम असतात. आणि मावशी, आता तर तुमचे यजमानही गेले. आता तुम्हाला ते उघडून काय करायचंय?"

आत्या वळून बाहेर पडली. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी काय बोलायचं?

ते चित्र आज कुठे आहे, माहीत नाही. आत्याने ओळखीच्या सगळ्या फ्रेमवाल्यांना विचारलं. माझंही मिळतील त्या सगळ्या ठिकाणी विचारून झालं. म्हणून इथे लिहितोय. नाहीतर या पानावर लिहायची मला हौस नाही.

राखाडी जहाज आहे. तोफा वर उचललेल्या. खाली पेन्सिलच्या सह्या. फ्रेमचा खालचा उजवा कोपरा चेपलेला. कुणाच्या दिवाणखान्यात असेल, कुणा वकिलाच्या किंवा दातांच्या डॉक्टरच्या ऑफिसात असेल. दुपारी सगळं शांत झालं की त्यातून आवाज येत असेल. एकच. तुम्ही म्हणत असाल, पाइप असेल, लाकूड असेल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. हसा हवं तर. पण ती फ्रेम उतरवा, पालथी घाला आणि मागची टेप कापा.

घाबरू नका. आतला माणूस तुम्हाला काही करणार नाही. त्याला घरी यायचं आहे.